वरच्या टोलीचे झिलकरी

आमगावहून सालेकशाकडे जाणारी गाडीवाट रानात शिरायच्या थोडी अलीकडे चिखलटोला लागतो. गावाच्या उशाशी तलाव, पायाशी धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भाताची शेतं. तलावाजवळची वस्ती ती वरची टोली, उताराला लागून आहे ती खालची, आणि दोहोंच्या मधे आखर, म्हणजे गावाचं मोकळं मैदान. दिवाळी झाली की या आखरावर मंडई भरायची. मंडई म्हणजे बाजार खरा, पण तो निमित्ताचा. बांगड्या आणि मुरमुरे घ्यायला कोणी चार कोस चालून येत नाही. दिल्या घरच्या लेकी माहेरी यायच्या, सोयरे भेटायचे, दाखवायची नाही म्हणत म्हणत मुलगी दाखवली जायची, आणि दुपार कलली की सगळं गाव गोल करून बसायचं. त्या गोलात मग कवडू शाहीर उभा राहायचा.

कवडूचा खेळ खडी गंमत. हा उभ्यानं करायचा खेळ. त्याला ना मंच लागतो ना पडदा. हातात डफ घेतलेला शाहीर, बाजूला ढोलकी, आणि मागं दोन झिलकरी. शाहिरानं ओळ टाकायची आणि झिलकऱ्यांनी तिचा शेवट उचलून आभाळात फेकायचा. याला झील धरणं म्हणतात. झील धरली तर ओळ गावाची होते. नाही धरली तर ती शाहिराच्या तोंडाशीच मरते.

शाळा कवडूनं चौथीत सोडली होती. पुढचं शिक्षण देवरीकडच्या एका म्हाताऱ्या शाहिराची बैलगाडी हाकता हाकता झालं. म्हातारा गाडीत आडवा पडून गायचा, कवडू बैलांच्या पाठीवर ताल धरायचा. बैलांना कंटाळा आला, पण कवडूला विद्या आली. शेती बेताची, खालच्या टोलीत, तलावाच्या पाण्याच्या अगदी शेवटच्या टोकाला. पण डफ हातात घेतला की तो शेवटचा राहत नसे. लोक त्याचा शब्द मानत. कवडूनं गायलं म्हणजे ते झालंच असेल, असं आसपासची गावंही धरून चालत.

खडी गंमतीत झगडा नावाचा एक भाग असतो. दोघं उभे राहतात, शाहीर मधे राहून दोघांना सवाल घालतो, आणि ज्याचं त्याचं म्हणणं गाण्यात बांधून लोकांपुढे ठेवतो. पूर्वी हा झगडा सासू-सुनेचा असे, नाहीतर नदीचा आणि तलावाचा. मालगुजारांची जमीनदारी गेली, पंचायत आली, आणि तलावाचं पाणी कोणी केव्हा सोडायचं हे ठरवणं सरपंचाच्या हातात आलं, त्या वर्षी कवडूच्या डोक्यात एक नवीच गोष्ट आली. सासू-सुना पुष्कळ भांडल्या, आता जे खरंच भांडतात त्यांनाच गोलात उभं करू.

निवडणुकीला दोघं उभे होते. खालच्या टोलीचा दुधराम आणि वरच्या टोलीचा उदाराम. दुधराम कवडूचा लहानपणापासूनचा जोडीदार, हसरा, बोलका, गर्दी दिसली की फुलणारा. उदाराम उंच, सावकाश माणूस. एक वाक्य बोलायचा, घसा खाकरायचा, मग दुसरं. पहिलं वाक्य ऐकून लोक निघून गेले तरी तो दुसरं पुरं करायचा.

कवडूला मनापासून वाटत होतं की आपण मधोमध उभे आहोत. दोघांना सारखेच सवाल घालायचे असं त्यानं ठरवलं होतं, आणि घातलेही. पण दुधरामला विचारलं ते असं: खालच्या गरिबाच्या धानाला पाणी मिळेल का? आणि उदारामला विचारलं ते असं: वरच्या टोलीचं पोट भरल्यावर तरी खाली पाणी येईल का?

उदारामनं खाकरून उत्तर दिलं. तलावाच्या तुडुमातून, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडातून, जो पाट निघतो तो वरच्या टोलीजवळ वाळूच्या जमिनीतून जातो. काठ कोरडे असतात. एकदम पाणी सोडलं तर ते काठ तग धरत नाहीत. म्हणून आधी थोडं सोडावं, त्यात वरच्या बांध्या भिजतील. त्यानं मग घसा साफ केला. दुसरं वाक्य यायचं होतं, ते असं की काठ भिजून घट्ट झाले म्हणजे तुडूम पूर्ण मोकळं करावं आणि पाणी थेट खालच्या टोकापर्यंत न्यावं. त्यानं ते म्हटलंही. पण तोवर कवडूच्या ओठांवर ओळ आली होती, आणि ओठांवर आलेली ओळ परत गिळेल असा शाहीर अजून जन्माला यायचा आहे.

"आधी भिजू दे माह्या रानाले,
उरलं तं देईन तुह्या धानाले!"

ढोलकीवाल्या बकारामनं तिच्याखाली असा लाडिक ठेका घातला की बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. झिलकऱ्यांनी झील उचलली, मग पोरांनी, मग सगळ्या गोलानं. उदाराम हात वर करून काहीतरी सांगत होता. ते कोणाला ऐकू आलं नाही. थोडा वेळ तो उभा राहिला आणि मग गोलातून निघून गेला.

माघात निवडणूक झाली आणि दुधराम सरपंच झाला. मतं त्यानं स्वतः मिळवली की त्या दोन ओळींनी मिळवून दिली, हे कोणी सांगू शकलं नाही. कवडूला मात्र ठाऊक होतं, आणि तो त्या माघात छाती काढून चालत होता.

एकटी त्याची बायको रुख्मा हसली नव्हती. तिचं माहेर वरच्या टोलीतलं. चुलीपुढं बसून ती एवढंच बोलली होती, "दुधरामले सवाल इचारता तवा तुमचा आवाज गुळावानी, अन् उदारामभाऊले इचारता तवा मिरचीवानी." कवडू म्हणाला, माहेरचं रक्त बोलून राहिलं. त्या दिवशी भाजीला खरंच मिरची जास्त पडली.

पुढच्या आश्विनात पावसानं लवकर पाठ फिरवली. धान निसवायला आलं होतं. कणीस बाहेर पडायच्या त्या दिवसांत बांधीत पाणी नसेल तर दाणा भरत नाही, नुसतं फोल हाती येतं. दुधराम शब्दाचा पक्का होता. खालच्या टोलीला आधी पाणी देईन असं तो मंडईत बोलला होता. एका सकाळी दहा-बारा गडी घेऊन तो पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, गेला आणि तुडूम पूर्ण मोकळं केलं. पाणी गर्जत निघालं. खालच्या टोलीची माणसं बांधावर उभी राहून वाट पाहू लागली. कवडूही होता.

पाणी आलं नाही. वरच्या टोलीजवळ पाट जिथं वळण घेतो तिथं कोरडा काठ ढेकळासारखा विरघळला, आणि तलावाचं पाणी सरळ नाल्यात पळालं. आरडाओरडा ऐकून दोन्ही टोल्या धावल्या. कवडू पोहोचला तेव्हा उदाराम कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, भारे दाबत होता. तो कोणाला काही बोलला नाही. मी सांगितलं होतं, असंही नाही. कवडूनं माती टाकली, दुधरामनं टाकली, सगळ्यांनी टाकली. दुपारपर्यंत भगदाड बुजलं. पण पुष्कळ पाणी गेलं होतं. त्या वर्षी वरच्या टोलीचं धान अर्धं फोल झालं आणि खालच्या टोलीचंही. कवडूनं आपल्या बांधीतलं एक कणीस चोळून पाहिलं. तळहातावर भुसाच राहिला, आणि तो फुंकरीबरोबर उडाला.

भगदाडाशी काम करताना एक मजूर सवयीनं गुणगुणत होता, आधी भिजू दे माह्या रानाले. कवडू शेजारीच होता. वर्षभर ती ओळ कानावर आली की त्याला गुदगुल्या व्हायच्या. त्या दिवशी त्याला वाटलं, हा माणूस गप्प बसेल तर बरं.

दिवाळी जवळ आली आणि बातमी फुटली. वरची टोली यंदा आपली मंडई वेगळी भरवणार. तलावाच्या पाळीखाली जागा साफ केली होती, देवरीकडच्या दुसऱ्या शाहिराला सुपारी गेली होती, आणि दिवस तोच ठेवला होता. चिखलटोल्यात एका दिवशी दोन मंडया कोणी कधी ऐकल्या नव्हत्या. पाहुणे कुठं जाणार? ज्या घरची लेक वरच्या टोलीत आणि सून खालच्या टोलीतली, त्यांनी काय करावं?

रुख्मानं फार लांबण लावली नाही. "मी कोणत्या मंडईत बसू, ते आधीच सांगून ठेवा," ती म्हणाली. "ऐन वक्ती लोकांसमोर मले इकडून तिकडं धावाले लाज वाटन."

कवडूनं पायताण घातलं आणि तो वरच्या टोलीकडे निघाला.

उदाराम अंगणात बसून दोर वळत होता. त्यानं बस म्हटलं आणि दोर वळणं चालू ठेवलं. त्याची बायको शकुंतलाबाई पाण्याचा गडवा घेऊन आली. ती हसून बोलायची, आणि ते हसणं ऐकणाऱ्याला बरं वाटायचं नाही.

"या शाईर," ती म्हणाली. "तुमचं गाणं आमच्या घरी रोज होते जी. मी विहिरीवर गेली का पोरं म्हणतेत."

कवडूनं पाणी प्यायलं. येताना त्यानं बरंच काही जुळवून आणलं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "वहिनी, मी खोटं काही गायलो नाही. आधी वरच्या बांध्या भिजतीन, हे उदाराम सोताच बोलला होता."

"बोलले. मंग घसा साफ केला. मंग अखीन एक गोष्ट बोलले. ते तुमी कुठं ठेवली?"

उदाराम दोरावरून मान न उचलता म्हणाला, "खोटं गायला असता तं बरं झालं असतं. खोटं आहे म्हणून सांगता आलं असतं. तू माह्याच तोंडातलं गायला."

अंगणात एक कोंबडी दाणे टिपत हिंडत होती. कवडू तिच्याकडे पाहत राहिला. दिवसाउजेडी इतक्या सरळ शब्दांत त्याला कोणी काही म्हटलं नव्हतं, आणि त्याला राग यायला हवा होता, तो येत नव्हता. तो म्हणाला, यंदा तू आखरावर ये. सवाल नरम घालीन. तुला दुप्पट बोलू देईन.

"मले तुहं नरम नको," उदाराम म्हणाला. "एका वर्षी मिरची, एका वर्षी गूळ. मी काय तुह्या चुलीवरची भाजी आहो का?"

मिरची आणि गूळ ऐकून कवडू चमकला. रुख्मा माहेरी येऊन काय काय बोलून जाते, हे त्याला त्या घडीला कळलं.

मग शकुंतलाबाईनं अट घातली. तिनं ती आधीच मनाशी धरून ठेवली असावी, कारण बोलताना ती अडखळली नाही. उदाराम आखरावर येईल. वरच्या टोलीची मंडई मोडेल. पण उदारामचं म्हणणं गाण्यात आलं की त्याची झील वरच्या टोलीचे झिलकरी धरतील. त्याचं म्हणणं नीट आलं असेल तरच धरतील. नाही आलं तर उभे राहतील, धरणार नाहीत.

हे ऐकून कवडूनं हातातला गडवा खाली ठेवला. झिलकरी म्हणजे शाहिराचा दुसरा गळा. तो कोणी दुसऱ्याच्या हातात देत नाही. पाहुण्यारावळ्यांपुढे ओळ टाकली आणि झील आली नाही, तर पुढच्या वर्षी डफ खुंटीला टांगलेलाच राहील. तो विचार करून सांगतो म्हणाला आणि उठला. परत येताना वाट पाळीखालून जात होती. तिथं वरच्या टोलीची दोन माणसं मांडवासाठी जागा पाहून खुंट्या ठोकत होती. एकानं राम राम केला, दुसऱ्यानं तोंड फिरवलं. तोंड फिरवणारा रुख्माचा सख्खा भाऊ होता.

कवडू माघारी वळला आणि अंगणाच्या तोंडाशी उभा राहूनच म्हणाला, "झिलकरी धाडा."

मंडईच्या दिवशी आखर भरून वाहत होतं. गणपतीचं गाणं झालं, गवळण झाली, आणि झगड्याची वेळ आली तसा गोल पुढे सरकला. कवडूच्या मागं नेहमीचे दोघं होते, आणि त्यांच्या शेजारी आज वरच्या टोलीचा केवलराम आणि त्याचा जोडीदार हाताची घडी घालून उभे होते. केवलराम लग्नात गायचा, त्याचा आवाज दोन शेतं ओलांडून जायचा. बकाराम ढोलकी कसता कसता कानाशी पुटपुटला की शाईर, हे दोन खांब कायले उभे केले? कवडूनं त्याला वाजव म्हणून खूण केली.

उदाराम गोलात आला. पाटाचं, वाळूचं, काठाचं सगळं मागच्या वर्षीसारखंच बोलला, मधे तसाच खाकरला. कवडूनं डफ उचलला. यंदा चूक करायची नाही, असं त्याच्या मनात इतकं भरलं होतं की त्यानं उदारामला देवच करून टाकलं. देवमाणूस उदाराम, त्याच्या मनी नाही पाप, साऱ्या गावाचा तो मायबाप, अशी ओळ त्यानं टाकली आणि मागं पाहिलं.

केवलराम गप्प. ढोलकी वाजत राहिली आणि तिच्यावर काहीच आलं नाही. लोकांत खसखस पिकली. कोणीतरी म्हणालं, मायबाप नको म्हणते वाटते.

कवडूनं कपाळ पुसलं. त्यानं डफ पुन्हा उचलला. या वेळी ओळ पाटाची होती, काठाची होती, बरीचशी बरोबर होती. पण शेवटी जिभेनं सवय सोडली नाही आणि वरच्या बांध्या आधी पीत बसल्याचा एक चिमटा त्यात आलाच. बकारामनं हसरा ठेका द्यायला हात उचलला. केवलराम पुन्हा गप्प. या वेळी कोणी हसलं नाही. गोलात बायकांच्या बाजूला रुख्मा बसली होती. ती नवऱ्याकडे पाहत नव्हती, जमिनीकडे पाहत होती.

कवडूनं बकारामचा हात धरून ढोलकी थांबवली. मंडईत ढोलकी अशी मधेच कधी थांबत नाही, त्यामुळे बांगड्यांच्या दुकानांपर्यंत शांतता पसरली. तो उदारामसमोर जाऊन उभा राहिला.

"मले अखीन एक डाव सांग," तो म्हणाला. "दुसरी गोष्ट आधी सांग."

उदारामनं सांगितली. कवडूनं डोळे मिटून ऐकलं. ज्यांनी पाहिलं ते म्हणत, शाहीर गाणं जुळवताना ओठ हलवतो, आज त्याचे ओठ हलत नव्हते. उदाराम थांबला तरी तो जरा वेळ तसाच उभा होता, अजून काही यायचं असेल म्हणून. मग त्यानं डफावर साधी थाप मारली.

"पाट आहे वाळूचा, पयले काठ भिजू दे,
मंग मोकळं पाणी खाल्ती जाऊ दे."

ओळ काही मोठी नव्हती. तिच्यात चिमटा नव्हता, लाड नव्हता. शाहिराच्या मापानं ती जरा कोरडीच. पण केवलरामनं हाताची घडी सोडली, मान मागं टाकली, आणि खाल्ती जाऊ दे असं उचललं की तलावाच्या पाळीवरची पाखरं उडाली. वरची टोली गाऊ लागली. आणि मग, शब्द नीट कानी पडले तशी, खालच्या टोलीची माणसंही गाऊ लागली, कारण पाणी खाली यावं असं कोणाला वाटत नाही?

आता पाळी दुधरामची होती. त्याला वाटलं कवडू नेहमीचा गूळ देईल. कवडूनं विचारलं, "सरपंच, तुडूम खोलाच्या आधी काठ कोणी पाह्यले होते?"

दुधराम हसला, मग हसायचा थांबला. त्यानं डोकं खाजवलं. तो पुढारी असला तरी मनाचा वाईट नव्हता. "कोनीच नाही पाह्यले," तो म्हणाला. "मी तं तुहं गाणं आइकलं होतं, कवड्या."

आख्खं आखर हसलं. ते हसणं या वेळी कवडूवर होतं, आणि कवडूनं ते तिथंच उभं राहून पुरतं अंगावर घेतलं. दुधरामचं म्हणणं त्यानं गाण्यात बांधायला घेतलं, तर दुधरामच मधे म्हणाला, थांब, मी एवढं चांगलं बोललो नव्हतो. ते ऐकून शकुंतलाबाईला हसू आवरेना, आणि या वेळी ते हसणं कोणाला बोचलं नाही.

मग झगडा झगडा राहिला नाही. खालच्या टोलीचा एक म्हातारा उठून म्हणाला, वळणाशी वाळू आहे तं मुरूम काऊन नाही टाकत. वरच्या टोलीतून उत्तर आलं, मुरूम आहे, बैल द्या. कोणी म्हणालं, बैल देतो, पण धान कापून झाल्यावर. उदाराम आणि दुधराम गोलाच्या मधे उकिडवे बसले, आणि दुधरामनं काडीनं मातीत पाट काढला. वळण चुकलं म्हणून उदारामनं त्याच्या हातातून काडी घेतली. माणसं वाकून पाहू लागली. मागं बसलेल्यांना दिसेना, म्हणून तेही उठून पुढं आले. गोल मोडला. मंडईला आलेले पाहुणेही आपल्या गावचा पाट कसा आहे ते सांगू लागले.

कवडूच्या पुढ्यात आता लोकांच्या पाठीच पाठी होत्या. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. त्याच्या मनाला जरा लागलंही. बकारामनं ढोलकी मांडीवर घेऊन त्याच्याकडे पाहिलं.

"वाजवू का, शाईर? लोक बसतीन."

कवडूनं टाचा उंचावून गर्दीच्या मधे पाहिलं. रुख्माचा भाऊ दुधरामच्या खांद्यावर हात टेकून वाकला होता आणि मातीतल्या पाटावर बोट ठेवून काहीतरी ठासून सांगत होता.

"थांब," कवडू म्हणाला. "बोलून राहिले ना. बोलू दे."

आणि त्यानं स्वतः काय बोलणं चाललं आहे ते ऐकायला गर्दीत वाट काढली.